दिवसाला अडीच बोटं

साडेपाचला उठतो, पण मागाला हात लावायला सहा वाजतात. आधी मागाच्या खड्ड्यात उतरून पायाखालच्या पावड्या झटकायच्या, विणलेल्या कापडावरचं फडकं काढायचं आणि ताण्यावरून, म्हणजे उभ्या धाग्यांवरून, उलटा हात फिरवायचा. उलटा, कारण तळहात घामेजलेला असतो आणि रेशमावर घामाचा डाग पटकन पडतो. शिवाय सैल सुटलेला धागा उलट्या हाताला लगेच कळतो. मागाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, की बसायचं.

येवल्यातल्या बऱ्याच घरांत आता जमिनीवरचे चौकटीचे माग आलेत. मी आजोबांच्या मागाचा खड्डा बुजवला नाही. चैत्रात हवा कोरडी पडली की रेशीम तटातट तुटतं, तेव्हा खड्ड्यातला गारवा धागा थोडा सांभाळतो. अगदीच उन्हं तापली तर भुईवर पाणी शिंपडतो.

सहा ते दहा हा पैठणीच्या पदराचा सगळ्यात चांगला वेळ. पूर्वेच्या खिडकीतून स्वच्छ उजेड येतो आणि डोळे ताजे असतात. सध्या मागावर बांगडी-मोर आहे, म्हणजे बांगडीसारख्या गोलात मोर. पदराची जमीन जरीची, नक्षी रेशमाची. इथे धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ पळत नाही. मानेच्या निळ्याची, पिसाऱ्याच्या हिरव्याची, चोचीच्या लालाची, मधल्या जरीची, प्रत्येकाची वेगळी छोटी कांडी असते. ताण्याचे धागे बोटांनी मोजायचे, हवे तेवढे उचलायचे, निळी कांडी खालून काढायची. निळा संपतो तिथे शेजारच्या जरीत त्याची गुंतवण करून त्याला माघारी वळवायचं. सगळ्या कांड्या अशा फिरल्या की हात्या ओढून फणी ठोकायची, तेव्हा कुठे एक ओळ होते. एकही धागा मागे लोंबत राहत नाही, म्हणून पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो.

मोजणीत धागा चुकला तर मोराची मान वाकडी होते, आणि ते पाच-दहा ओळी पुढे गेल्यावर ध्यानात येतं. मग तेवढं सगळं उसवायचं. गेल्या महिन्यात माझा दीड दिवस असाच गेला. मजुरी साडीवर ठरलेली असते, उसवलेले तास तिच्यात धरलेले नसतात.

दहाला चहा. आई ओसरीवर रहाटावर कांड्या भरत असते. रेशीम बंगळूरकडचं, जर सुरतेची. आई धागा चिमटीत धरूनच सांगते, यंदाचा माल कसा आहे. वयाची सत्तरी उलटली तिची. ती कांड्या भरते, बायको दुपारी काठाला बसते, आणि मजुरी मिळते ती एका विणकराची. हे मला खटकतं आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

साडेबाराला भाकरी. जेवणानंतर अंगाचं, म्हणजे साडीच्या मधल्या भागाचं काम असतं तेव्हा हात भराभर चालतो. साधं अंग दिवसाला हातभरसुद्धा होतं. साधी बुट्टीची पैठणी महिन्याभरात उतरते. अंगभर नक्षीच्या पैठणीला सहा महिने, कधी वर्षही लागतं. ताणा संपला की सांधणी येते. जुन्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नव्याचा धागा पीळ देऊन जोडायचा, असे हजारो धागे. त्या दिवसांत बोटांची सालं निघतात.

माग आपण होऊन थांबवतो ते संक्रांतीला. येवल्याचे पतंग सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. आमच्याकडे मांजा गुंडाळतात ती लाकडी आसारी. धागा उकलणाऱ्या साधनालाही आम्ही आसारीच म्हणतो.

चारच्या सुमारास गिऱ्हाईक येतं. शिर्डी जवळ, त्यामुळे दर्शन करून पुष्कळ जण इकडे वळतात. परवा एक ताई आल्या. म्हणाल्या, "दादा, अशीच साडी आम्हाला चौथाई किमतीत दाखवली." मी म्हटलं, "ताई, आणली असेल तर दाखवा." त्यांनी पिशवीतून काढली. मी पदर उलटा केला. मागे मोराच्या आकारात धाग्यांचं जंजाळ होतं, काही ठिकाणी कातरलेलं. ते जॅकार्ड यंत्रावर काढलेलं काम. ते विकायला हरकत नाही, त्यावरही लोकांचं पोट आहे. पण ते हातानं गुंतवलेल्या पदराच्या नावानं विकलं की माझ्या इतक्या दिवसांच्या कामाची किंमत कुणाला पटत नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा मला अभिमान आहे, पण दुकानातल्या गर्दीत मानांकनाचा कागद कोण बघतं? त्या ताई बराच वेळ मागाजवळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर मी तीन ओळी विणल्या. मग त्यांनी किमतीचा विषय काढला नाही.

संध्याकाळी सहा वाजले की पदर बंद. दिव्याच्या उजेडात निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, आणि तो फरक दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतो. बोटं ठेवून मोजलं. आज अडीच बोटं पदर झाला. चांगला दिवस.

रात्री मुलगी वही घेऊन मागाशेजारी अभ्यासाला बसते. तिला विणता येतं, मी शिकवलंय. तिनं हे काम करावं का, हे अजून मी तिला विचारलेलं नाही. मजुरीत घर चालेल असं खात्रीनं सांगता येईल, तेव्हा विचारीन.

पैठणी घ्यायला निघालात तर एवढं करा. पदर उलटा करून बघा. मागे धागे लोंबत असतील तर त्याप्रमाणे किंमत द्या. दोन्ही अंगं सारखी असतील, तर ती कुणी विणली आणि त्याला किती दिवस लागले, हे दुकानदाराला विचारा.