दादरची जागा आणि पुसेगावचे वावर

मुंबईत एक वेळ देव भेटेल, पण जागा मिळणार नाही, असे आमच्या लहानपणी म्हणत. आता तसे राहिलेले नाही. जागा पुष्कळ आहेत; घेणाऱ्याच्या खिशातच काय ती अडचण! या जागांतही हल्ली एका प्रकाराचा मोठा बोलबाला आहे. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, पण जागा आतून नखशिखान्त नवी केलेली. उंच छत, सागवानी दारे, हवेशीर गॅलरी हे जुने. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवे आणि फरशी हे नवे. जाहिरात वाचली की वाटते, आजोबांचा भक्कमपणा आणि नातवाचा थाट एकाच किमतीत पदरात पडतो आहे.

वास्तविक मला या भानगडीत पडण्याचे कारण नव्हते. मी पुसेगावचा. पुसेगाव म्हटले की लोकांना साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे गाव आठवते. आमचे पुसेगाव ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले; संत नामदेवांची नर्सी आमच्यापासून फार दूर नाही. बांधकाम खात्यात उभी हयात घालवून मी गावी परतलो, आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने 'भिंतींचा वैद्य' ठरलो.

माझा पुतण्या आणि सूनबाई दोघेही मुंबईत नोकरीला. त्यांना दादरच्या हिंदू कॉलनीतली अशीच एक जागा पसंत पडली. कर्ज मिळत होते. पण हातचे जे घालावे लागते त्यासाठी गावचे पाच एकर वावर विकावे, असे त्याच्या मनात होते. त्यावर सही हवी होती वहिनींची. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, वावर जाईल ते डोळ्यांदेखत जाईल. येणारं घर कसं आहे, ते तुम्ही बघून या. मग मी अंगठा म्हणा, सही म्हणा, काय ते देते."

एवढा हुकूम झाल्यावर जाणे भागच होते.

प्लेगने दिलेली वस्ती

दादरचा हा भाग कसा वसला ते कळल्याशिवाय तिथल्या घराची किंमत कळत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींतून तो वणव्यासारखा पसरला. तेव्हा सरकारने १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि गर्दीतून माणसे बाहेर काढण्यासाठी दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूला नव्या वस्त्या आखल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्याच आखणीतल्या. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, दोन इमारतींमध्ये वारा खेळेल एवढे अंतर. पुढे १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. जवळच्या चौकाला लोक अजून 'दादर टीटी' म्हणतात, ते ट्रामच्या शेवटच्या थांब्यामुळे. ट्राम मात्र मुंबईतून १९६४ सालीच गेली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या ग्रंथांसाठी बांधलेले 'राजगृह' याच कॉलनीत उभे आहे.

त्याच सुमारास दक्षिणेकडे ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या कडेने गोलसर कोपऱ्यांच्या, लांबच लांब छज्ज्यांच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उठल्या. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारख्या मराठी वास्तुरचनाकाराचे त्यात मोठे काम आहे. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह हा भाग जागतिक वारशात घेतला. दादर-माटुंग्याच्या घरांना तो मान नाही, पण वळण पुष्कळसे तेच.

कातडी आणि हाडे

जागा पाहिली. खोटे कशाला सांगू, पाहताक्षणी मन प्रसन्न झाले! गॅलरीतून झाडांचे शेंडे दिसत होते. खाली भाजीवाला, फुलवाला, क्लासला निघालेली पोरे यांचा गलबला, आणि तरी घरात गारवा. पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "काका, आता काही खोड काढू नका."

मी म्हटले, "बाबा, ही झाली कातडी. मला हाडे पाहू दे."

वाचकहो, अशा जागेत पाहण्यासारखे असते ते झाकलेले असते. छताखाली प्लास्टरचे दुसरे गुळगुळीत छत केलेले होते. शोभेचे खरे, पण वरच्या मजल्याची गळती आणि गंजलेल्या सळया त्याच्याआड दिसत नाहीत. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत काँक्रीटमधली सळई गंजते. गंजली की फुगते. आणि फुगली की काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. दिव्याची एक खाच उघडून मी बॅटरी मारली. तुळईला हातोडीने हलके ठोकले. एका जागी बद्द आवाज आला.

मग फरशी. जुनी रंगीत सिमेंटची फरशी काढलीच नव्हती. तिच्यावरच मसाला घालून नवा दगड बसवला होता. दहा बाय बाराच्या खोलीत दोन इंच जाडीचा मसाला आणि दगड म्हणजे एक टनाहून अधिक वजन. आमच्या हिंगोलीच्या भाषेत सांगायचे तर क्विंटलाच्या डझनभर पोत्यांची हळद खोलीत कायमची पसरून ठेवलेली! शिवाय हॉल मोठा करण्यासाठी एक भिंत पाडलेली. ती नुसता आडोसा होती की वरचा भार पेलत होती, हे इंजिनियरच्या नकाशावाचून सांगता येत नाही, आणि तो नकाशा विकणाऱ्यापाशी नव्हता.

एक तारीख लक्षात ठेवा

ती तारीख म्हणजे १ सप्टेंबर १९४०. युद्धाच्या महागाईत घरमालकांनी भाडी भरमसाट वाढवू नयेत म्हणून कायदा झाला, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या दिवसाचे भाडे हेच प्रमाण धरले. भाडे गोठले आणि मालकाचा दुरुस्तीचा उत्साहही गोठला. भाडेकरू जागा सोडताना 'पागडी' घेऊ लागला. तिला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९९ च्या नव्या कायद्याने. मोडकळीला आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली सरकारने मंडळ नेमले, उपकर बसवला. त्यातही १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा वर्ग पहिला.

म्हणून जुन्या जागेबद्दल पहिला प्रश्न हा, की विकणारा मालक आहे की पागडीचा भाडेकरू? दुसरा, जमीन कोणाची? ट्रस्टने दिलेले पुष्कळसे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे आहेत. आमच्या बाबतीत सहकारी सोसायटी होती, भागपत्र होते, आधीच्या करारांची साखळी अखंड होती. एवढे चांगले निघाले.

सभेची वही

पण मी अडून बसलो ते सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते पाहण्यासाठी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुतीची तपासणी कायद्याने करावीच लागते. इतिवृत्तात तिचा उल्लेख सापडला. खांब-तुळयांची मोठी दुरुस्ती सुचवलेली होती, प्रत्येक बिऱ्हाडाची वर्गणी ठरली होती, आणि इमारत पाडून नवी बांधावी काय, यावर दोन सभा वाजल्या होत्या! म्हणजे आत घातलेला सगळा थाट उद्या घणाखाली जाणार असेल, तर त्याची किंमत आज आम्ही का मोजावी?

गावी आमचे माळवद आहे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्यावर पांढरी माती टाकतो, म्हणून ते गळत नाही. ते माझ्या एकट्याच्या हातात आहे. इथे मात्र चार भिंतींच्या आतले आपले. छप्पर, पाया, खांब आणि नळ सगळ्यांचे. आपण विकत घेतो ती खोली नव्हे, साऱ्या इमारतीच्या प्रकृतीतला वाटा घेतो. तो वाटा रंगारी बदलू शकत नाही.

मी पुतण्याला जागा घेऊ नको असे म्हटले नाही. वस्ती मोलाची आहे, हवा आहे, शाळा-स्टेशन जवळ आहे. मी म्हटले, नव्या सजावटीचा एक पैसा देऊ नकोस, दुरुस्तीची वर्गणी विकणाऱ्याकडून वळती करून घे, आणि आपल्या इंजिनियरचा अहवाल आल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. त्याचे तोंड पडले. पण सूनबाईंनी सगळे मुद्दे कागदावर उतरवून घेतले.

अहवाल आला. इमारत दुरुस्तीने उभी राहण्यासारखी निघाली. पाडलेली भिंत नुसता आडोसा होती. विकणारा महिनाभर रुसला, मग किंमत उतरवून आला. त्यामुळे पाचाऐवजी दोनच एकर विकावे लागले, तेही कोरडवाहू, आणि भावकीतच. विहिरीकडचे तीन एकर राहिले. तिथे यंदाही हळद आहे.

वहिनींनी सही केली, पण त्याआधी पुतण्याला एकच विचारले, "वरच्या मजल्यावर कोण राहतं रे? माणसं बरी आहेत ना?"

एवढ्या तपासणीत हा प्रश्न माझ्याही यादीत होता. पण त्याचे उत्तर कोणत्या कागदात मिळते, ते बांधकाम खात्याने मला शिकवलेले नाही.