हृदयाचे पाट वाहते ठेवा



पाण्याची पाळी चुकली की ऊस कसा माना टाकतो, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. शरीराचेही तसेच आहे. तिथला पंप म्हणजे हृदय. आकार मुठीएवढा, पण मिनिटाला सुमारे ७२ ठोके देऊन ५ लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतो.

या पंपाच्या मोठ्या वाहिन्या आधी ओळखून घेऊ. अंगभर फिरून आलेले, प्राणवायू सरलेले रक्त दोन महानीलांतून हृदयाच्या उजव्या बाजूस येते. वरची महानीला डोके व हातांकडचे, खालची पोट व पायांकडचे रक्त आणते. तेथून फुप्फुस रोहिणी ते फुप्फुसांकडे नेते. ताजा प्राणवायू घेऊन रक्त बहुधा चार फुप्फुस नीलांतून डाव्या बाजूस परतते आणि महारोहिणीतून साऱ्या अंगाला जाते. हृदयाकडून नेणारी ती रोहिणी, हृदयाकडे आणणारी ती नीला. रक्ताचा हा फेरा इंग्लंडच्या डॉ. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली ग्रंथ लिहून मांडला.

आता खरी मेख ऐका. हृदयात एवढे रक्त खेळते, पण त्याच्या जाड स्नायूची तहान त्यातून भागत नाही. महारोहिणीच्या अगदी मुखाशी दोन लहान दंड फुटतात, उजवी व डावी हृद्‌रोहिणी. त्यांच्यावरच हृदय जगते. तंबाखू, विडी, रक्तदाब, मधुमेह यांमुळे या दंडांत चरबीचा गाळ साचतो. त्या थराला तडा जाऊन वर रक्ताची गुठळी धरली, की दंड बंद! हाच हृदयविकाराचा झटका.

छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, दरदरून घाम ही त्याची लक्षणे. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कळ फारशी जाणवतही नाही. अशा वेळी "पित्त झालंय, सोडा घेतो," "एवढी खेप काट्यावर घालून येतो" असे म्हणू नका. तडक १०८ ला फोन लावा.

गुठळी विरघळवणारे औषध आहे. फुग्याने वाहिनी उघडण्याचा उपायही १९७७ पासून आहे. पण दोन्हींचा गुण वेळेवर पोचण्यात. वाळून गेलेल्या उसाला मागून कितीही पाणी दिले, तरी तो हिरवा होत नाही. हृदयाच्या स्नायूचेही तेच. हंगाम पुन्हा येईल, माणूस येत नाही.