सरळ म्हणजे कशाशी सरळ? जुन्या गाडीच्या व्हील अलाइनमेंटविषयी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला गॅरेजमध्ये काय काम? पण 'गाडी सरळ चालत नाही' या वाक्यात आपल्या शास्त्रातले दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. एक, 'सरळ' म्हणजे नेमकं कशाच्या संदर्भात सरळ? दुसरा, एका लक्षणावरून कारणाकडे जाताना आपण घसरतो कुठे? हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय जुन्या गाडीचं अलाइनमेंट करायला गेलो, तर पैसे जातात, टायर जातात, आणि घाटात जीवावरही बेतू शकतं.

उदाहरणाला आपण फियाट घेऊ, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांचंच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, ते कॉलेज 1947 साली सुरू झालं. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून ती 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. सातारा, कराड, सांगलीकडे अजूनही एखाद्या घराच्या पडवीत कापडाखाली ती उभी असते. वडिलांनी घेतलेली, मुलगा पुसून ठेवतो, नातू विचारतो, "आजोबा, ही चालते का?" चालते हो. पण सरळ चालते का, हा प्रश्न आहे.

आता चाकाचे तीन कोन समजून घेऊ. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर झुकलेलं असतं, तो कँबर. बाजूने पाहिलं तर ज्या आसाभोवती चाक वळतं तो आस वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, तो कॅस्टर. सायकलचा चिमटा आठवा. त्याची रेष खाली वाढवली तर चाक जिथे टेकतं त्याच्या पुढे जमिनीला लागते. म्हणून चाक त्या रेषेच्या मागोमाग येतं, आणि वळणानंतर हँडल आपसूक सरळ होतं. तिसरा कोन टो. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं पुढच्या अंगाला किंचित जवळ आहेत की लांब, हे त्यात पाहतात. पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर ढकलतो. म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत वळवून ठेवतात, म्हणजे धावताना समांतर येतात. बघा, उभ्या गाडीतलं 'सरळ' आणि धावत्या गाडीतलं 'सरळ' एक नाही!

एवढ्या बारीक फरकाने काय होतं, असं कुणी म्हणेल. हिशोब करू. पद्मिनीची रिम 14 इंची, म्हणजे सुमारे 356 मिलिमीटर. दोन्ही चाकांचा मिळून टो 3 मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येतं. 356 ला दीड या प्रमाणात चाक 1 किलोमीटर जाताना सुमारे 4.2 मीटर आडवं घासलं जाईल. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सांगलीला पोचेपर्यंत प्रत्येक पुढचा टायर पाचशे मीटरहून जास्त आडवा फरफटला. मग टायर महिन्यात 'खाल्ला' तर नवल कसलं?

आता लक्षण आणि कारण. न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण धूर आणि आगीचं. धूर आहे तिथे आग असतेच, म्हणून तो हेतू खरा. पण जो हेतू साध्य असतानाही आढळतो आणि नसतानाही आढळतो, त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. 'गाडी डावीकडे ओढते, म्हणून अलाइनमेंट बिघडलंय' हे वाक्य याच जातीचं. डावीकडे ओढायला पाच कारणं असू शकतात. डाव्या टायरमध्ये हवा कमी असेल. डाव्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल. टायरमध्येच दोष असेल. मागचा पाटा सरकला असेल. आणि रस्ता! पाणी वाहून जावं म्हणून आपला रस्ता कडेला उतरता असतो, आपण डावीकडून चालवतो, मग निरोगी गाडीही जराशी डावीकडे जाणारच.

म्हणून कारणं एकेक करून वगळायची. आधी हवा सारखी करा. मग पाच-सात किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका, भाजेल. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर दोष ब्रेकमध्ये आहे. पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा. एवढं करूनही ओढणं राहिलं, तरच अलाइनमेंटकडे या.

तरीही लगेच मशीनवर चढवायचं नाही. आधी जॅक लावून, खाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळ लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खुळखुळ थांबली तर बेअरिंग, चालूच राहिली तर चाक ज्याभोवती वळतं तो सांधा झिजलाय. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा, तिथली खुळखुळ बहुधा टाय रॉडच्या टोकांची. आता विचार करा, ज्या सांध्यात स्वतःच दोन-तीन मिलिमीटर ढिलाई आहे, त्याचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन काय उपयोग? तो आकडा फक्त त्या क्षणापुरता खरा. यवतेश्वरचा घाट चढताना पहिल्याच वळणावर तो बदलेल. आणि टाय रॉडचं टोक निखळलं, तर एक चाक तुमचं ऐकायचं थांबतं. खर्च करायचा तो आधी इथे करा.

यानंतर 'कशाशी सरळ' हा प्रश्न येतो. पद्मिनीला मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत. पाट्याचा मधला बोल्ट तुटला तर मागचा आस तिरका बसतो. मग पुढची चाकं कितीही नीट लावा, गाडी खेकड्यासारखी कलून चालते. म्हणून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. मोठा फरक आला तर आधी मागचं घर सावरा. पुढची चाकं ज्याच्या संदर्भात सरळ करायची, तोच संदर्भ वाकडा असून चालणार नाही.

मोजण्याची जुनी पद्धत आजही खोटी नाही. सपाट जमीन, टेप आणि खडू. गाडी दोन-चार फूट पुढेमागे हलवून स्प्रिंगांना बसू द्या, स्टिअरिंग मध्यावर ठेवा. दोन्ही पुढच्या टायरवर पुढच्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खूण करा आणि खुणांमधलं अंतर घ्या. गाडी पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा, म्हणजे त्याच खुणा मागे येतील. पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक हा टो. तीच खूण दोनदा मोजल्यामुळे रिम किंचित वाकडी असली तरी तिचा दोष हिशोबातून वजा होतो.

संगणकाचं मशीन याहून बारीक मोजतं, त्यात वाद नाही. पण ते कशाशी तुलना करतं? त्याच्या यादीत तुमची गाडी नसेल, तर मुलगा जवळचं एखादं मॉडेल निवडतो आणि आकडा हिरवा होतो. तो हिरवा रंग दुसऱ्याच गाडीचा! म्हणून गाडीच्या पुस्तिकेतले आकडे कागदावर लिहून न्या. ते आकडे जुन्या क्रॉस-प्लाय टायरसाठीचे असतील आणि तुम्ही रेडियल लावले असतील, तर टो-इन बहुधा थोडा कमी लागतो, हेही मिस्त्रीशी बोला. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वाचन मागा. कँबर-कॅस्टर आधी, टो शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो हलतो. आणि दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून घ्या. नाहीतर चाकं सरळ आणि स्टिअरिंग वाकडं, मग कुणीतरी स्टिअरिंगच काढून सरळ बसवतो. जुन्या स्टिअरिंग बॉक्सचा ढिलेपणा मध्यावर सगळ्यात कमी असतो. मध्य हरवला की सरळ रस्त्यावरही गाडी भटकते.

एका श्रोत्याने विचारलंय की काम नीट झालं हे आपल्याला कसं कळणार, आपण काही मिस्त्री नाही. उत्तर सोपं आहे. शे-पाचशे किलोमीटर चालवा आणि पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. दोन्हीकडे सारखं लागलं तर ठीक. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं लागलं, तर टो चुकलाय, कागदावर काहीही छापलेलं असो. तो कागद आणि तुमचा तळहात, दोन्ही घेऊन त्याच मिस्त्रीकडे परत जा. भांडायला नको, दाखवायला जा.