जुन्या पिकअपचं गिअर ऑइल : डब्यावर काय लिहिलंय?

ऑइल-ग्रीस हा पुरुषांचा प्रांत, असं म्हणून आपण अंग काढून घेतो. पण घरची मिळकत ज्या जुन्या पिकअपवर चालते, ती चार दिवस गॅरेजमध्ये पडली की किराण्याच्या यादीतून काय काय गळतं, ते आपल्यालाच ठाऊक!

इंजिनचं ऑइल वेगळं, गिअर बॉक्सचं वेगळं. मागच्या आसाच्या मध्ये तो फुगीर गोल भाग असतो ना, डिफरन्शियल, त्याचंही पुष्कळदा वेगळंच. घोटाळा होतो तो शेवटच्या दोनांत. डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असं छापलेलं असतं. पाच म्हणजे जास्त भारी, असं दुकानदारही बिनदिक्कत सांगतात. तसं नाही हं! जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं साधारण दुप्पट असतात. डिफरन्शियलच्या दातांवर जबर दाब येतो, तिथे ती हवीतच. पण जुन्या गिअर बॉक्समध्ये बहुधा पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर बदलताना वेग जुळवायचं काम त्यांचं. गंधकाची ही रसायनं पितळेला खाऊ शकतात. अंड्याने चांदीचा चमचा काळा पडतो, त्यातलाच हा प्रकार. काही ऑइलं दोन्हीकडे चालतात, पण तसं डब्यावर लिहिलेलं हवं.

आमच्या भाऊजींची भाजीची पिकअप चौदा वर्षांची. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येई. कुणीतरी १४० नंबरचं दाट ऑइल सुचवलं. आवाज दबला, पण थंडीत पहाटे मार्केटला निघताना गिअरच पडेना. शेवटी जाऊबाईंनी ट्रंक उपसून गाडीची पुस्तिका काढली. त्यात ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ असं स्पष्ट छापलेलं! ते घातल्यावर गिअर पडू लागला, आवाज मात्र परतला. रिंग झिजलेलीच होती, दाट ऑइलने नुसतं दुखणं झाकलं होतं. झीज काही ऑइलने भरून येत नाही. रिंग बदलावी लागली, खर्च झाला, पण गिअर बॉक्स वाचला.

तेव्हा पुस्तिका सांगेल तेच ऑइल घ्या, आणि सीलबंद डब्यातलं. पुस्तिका हरवली असेल तर गाडीचं मॉडेल आणि साल सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

ऑइल बदलताना गाडी थोडी फिरवून आणलेली, सपाट जागी उभी असावी. आधी भरायच्या भोकाचा बोल्ट सैल होतो का ते पाहायला सांगा. जुनं ऑइल सांडून बसलात आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागची हलायची नाही. नवं ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरतात. निघालेल्या ऑइलमध्ये थोडा राखाडी चिखल असला तर काळजी नको. सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजताहेत असं समजा. लोखंडाचे तुकडे निघाले, तर गाडी तशीच पळवू नका.

तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा. जुनं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्या.