आडनावाभोवतीचे कंस

‘आडनाव काय म्हणालात?’ हा प्रश्न आपल्याकडे नुसत्या आडनावासाठी विचारला जात नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. विचारणारा हवं ते टिपून घेतो आणि कुणी हटकलंच तर ‘सहज विचारलं हो’ म्हणून मोकळा होतो. मे २०१६मध्ये अमेरिकेत ट्विटरवर हेच काम विरामचिन्हांकडून करून घेतलं जात होतं. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जोनाथन वाइझमन यांना एका अनोळखी खात्यावरून उत्तर आलं. त्यात त्यांचं आडनाव होतं आणि त्याभोवती दोन्ही बाजूंना कंस. वाइझमन यांना अर्थ लागेना, म्हणून त्यांनी तो विचारला. अर्थ होता : हा ज्यू आहे, तुटून पडा. आणि तुटून पडलेही. एका वंशद्वेषी पॉडकास्टमध्ये ज्यू नाव आलं की आवाज घुमवत असत. त्या घुमण्याचं हे लेखी रूप. खुबी अशी की ट्विटरवर शोध घेताना कंस धरलेच जात नसत, त्यामुळे असा मजकूर हुडकून काढणंही अवघड. क्रोम ब्राउझरला जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअरही निघालं होतं. वाचताना समोर येणाऱ्या ज्यू नावांना ते आपोआप कंस घालायचं. त्याच्या यादीत आठ हजारांहून अधिक नावं होती आणि सुमारे अडीच हजार लोकांनी ते उतरवून घेतलं होतं. बातमी फुटल्यावर जूनमध्ये गूगलने ते काढून टाकलं. मग अनेक ज्यूंनी, आणि ज्यू नसलेल्यांनीही, चिडून स्वतःच्याच नावाला कंस लावले आणि खूण निकामी केली.

निकामी झाली ती खूण. समाजमाध्यमांवरच्या ज्यूद्वेषाला उघड शिवी फारशी उपयोगाची नसते, कारण शिवी पकडता येते. त्याचा जोर सूचकतेवर : जाणत्याला कळावं, बाकीच्यांना गंमत वाटावी, आणि अंगाशी आलं तर झटकता यावं. म्हणून एक शब्द बंद केला की दुसरा हजर. इंग्रजीत ‘ज्यूज’ आणि ‘ज्यूस’ हे उच्चार जवळचे, तर फळांच्या रसाच्या खोक्याचं इमोजी कामाला लागतं. हिटलर ‘ऑस्ट्रियन चित्रकार’ होतो. फेसबुकने ऑक्टोबर २०२०मध्ये ज्यूंचा वंशसंहार नाकारणाऱ्या मजकुरावर बंदी घातली. योग्य केलं, फार उशिरा केलं. पण सरळ नाकारणारे थोडेच. ‘आम्ही फक्त प्रश्न विचारतोय’ म्हणणारे पुष्कळ.

शब्द असे कात टाकत असले तरी आतली गोष्ट शतकानुशतकं तीच आहे : मूठभर लोक पडद्याआडून जगाची सूत्रं हलवतात. ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ हा बनावट दस्तऐवज रशियात १९०३मध्ये छापला गेला. १९२१मध्ये लंडनच्या टाइम्सने उताऱ्याशेजारी उतारा ठेवून दाखवलं की त्यातला बराच भाग मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४च्या पुस्तकातून उचललेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनची टर उडवणारं. त्यात ज्यूंचा उल्लेखसुद्धा नाही. चोरी उघडी पडून शंभर वर्षं उलटली, तरी तीच गोष्ट आज तीस सेकंदांच्या व्हिडिओत सुखाने नांदते. याचं कारण तिच्या घडणीत आहे. बहुतेक पूर्वग्रह समोरच्याला हीन ठरवतात. हा पूर्वग्रह ज्यूला हीन ठरवतोच, शिवाय सर्वशक्तिमानही ठरवतो. मग ती गोष्ट कशालाही चिकटते. १३४८च्या प्लेगमध्ये विहिरीत विष कालवल्याचा आळ ज्यूंवर आला, २०२०मध्ये करोनाचा. पुरावा मिळाला नाही, तर तो दडपला गेला हाच पुरावा.

या गोष्टीला वाट करून देणाऱ्या यंत्राच्या मनात द्वेष असावा लागत नाही. सप्टेंबर २०१७मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांना फेसबुकच्या जाहिरातविभागात ‘ज्यूद्वेष्टा’ या अर्थाचा ग्राहकगट सापडला. कुणी कर्मचाऱ्याने तो बनवलेला नव्हता. काही लोकांनी आपल्या माहितीत शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या रकान्यात तसं लिहिलं होतं आणि प्रणालीने इमानेइतबारे त्याचा गट केला. माणसं भरली जेमतेम २,३००. जाहिरातीला ती कमी पडतात म्हणून प्रणालीने बंदूक बाळगण्याच्या हक्काशी संबंधित गट जोडून घ्यायचंही सुचवलं. पत्रकारांच्या तीन जाहिराती १५ मिनिटांत मंजूर झाल्या. वाण्याने पुडीत काय बांधलंय ते न बघता वजन करून द्यावं, तसा हा व्यवहार. बातमीनंतर फेसबुकने ते गट काढले.

कंस, इमोजी हे सगळे पोरकट विनोद आहेत, इतकं मनावर घेऊ नये, असं म्हणणारे भेटतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण ऑक्टोबर २०१८मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारणाऱ्याने आत शिरण्याआधी ‘गॅब’ या समाजमाध्यमावर संदेश टाकला होता. निर्वासितांना मदत करणारी एक ज्यू संस्था देशात घुसखोर आणते, असा त्याचा आरोप होता. पुढच्या वर्षी योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी जर्मनीतल्या हाले शहरात एकाने सिनेगॉगवर हल्ला केला तो ‘ट्विच’वर थेट दाखवत आणि मुद्दाम इंग्रजीत बोलत. कॅमेऱ्यासमोर त्याने स्त्रीवाद आणि स्थलांतर यांच्याबद्दल तक्रारी केल्या आणि सगळ्याच्या मुळाशी ज्यू असल्याचं सांगितलं. सिनेगॉगचा दरवाजा टिकला. बाहेरची दोन माणसं गेली. थेट पाहणारे पाच होते. काढून टाकेपर्यंतच्या अर्ध्या तासात ध्वनिचित्रमुद्रण २,२०० जणांनी पाहिलं. विनोदाला हसणाऱ्या हजारांत असा एकच निघतो, पण प्रेक्षक त्याला त्या हजारांतूनच मिळतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : ज्यूद्वेषाचा शिक्का मारून इस्रायलवरची टीका दाबली जाते. दाबली जाते, हे मान्यच करावं लागेल. ज्यूद्वेषाच्या २०१६मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येवर याच कारणासाठी अभ्यासकांनी बोट ठेवलं आणि २०२१मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. पण तांदळातून खडे निवडणं अशक्य नाही. सरकारवरच्या टीकेत निर्णय असतो, मंत्री असतो, बाँब पडलेलं ठिकाण असतं. जुन्या गोष्टीला यातलं काहीच लागत नाही. तिला ‘ते’ एवढं सर्वनाम पुरतं. गाझाचा जाब पॅरिसमधल्या ज्यू बेकरीवाल्याला विचारला जातो तेव्हा बोलणं सरकारबद्दल उरलेलं नसतं.

आपल्याकडे ही गोष्ट घरची नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेले, आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर या त्यांच्या आडनावांतून कळायचं ते गाव. पण घरची नाही म्हणूनच तिचा वासही येत नाही, आणि जगाच्या सगळ्या बँका एकाच घराण्याच्या मुठीत असल्याचा फॉरवर्ड अर्थशास्त्र म्हणून पुढे ढकलला जातो.

कात टाकण्याचा ताजा प्रकार जुलै २०२५चा. इलॉन मस्क यांच्या कंपनीचा ‘ग्रोक’ हा संवादयंत्रमानव एक्सवर हिटलरचं कौतुक करू लागला. कंपनीने संदेश पुसले आणि माफी मागितली. त्या संदेशांपैकी एकात त्याने एका खात्यावरचं ज्यू वळणाचं आडनाव उचललं होतं आणि ‘दर वेळी हेच’ अशा अर्थाची शेलकी पुस्ती जोडली होती. कंस मात्र त्याने घातले नव्हते.