फादर होण्याआधीचं परतीचं दार

कोल्हापुरात ‘ख्रिस्ती’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वायल्डर मेमोरियल चर्च येतं. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. त्यांच्या परंपरेतले पाळकसाहेब तुमच्या-आमच्यासारखे संसारी असतात. बायको असते, मुलं शाळेत जातात, घरी पाहुणे येतात. कॅथलिक फादर मात्र एकटा. कोल्हापूर जिल्ह्यात कॅथलिकांची वस्ती मुळात थोडी. पूर्वी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता, २००५ पासून तो सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे. त्यामुळे शाळेच्या आवारात पांढऱ्या झग्यातला फादर दिसला, तरी तो तिथवर कसा पोचला हे सहसा कुणाला माहीत नसतं. धडधाकट, शिकला-सवरलेला पोरगा घर, लग्न, पगार सोडून असा का जातो, याची दोन उत्तरं लोक ठेवूनच असतात. कुणी म्हणतं, रात्रीतून देवाची हाक आली असणार. कुणी म्हणतं, घरची गरिबी, दुसरं काय. दोन्ही उत्तरांत एकच गोष्ट सुटते. हाक येणं हा या प्रकरणातला सगळ्यात लहान भाग. खरा भाग आहे तो त्या हाकेवर वर्षानुवर्षं संशय घेण्याचा. आणि त्या संशयासाठी परतीचं दार किती उघडं ठेवलंय, त्यावरच या मार्गाची किंमत करावी, असं मला वाटतं.

या संशयाच्या नेमकं उलट उदाहरण कोल्हापूरचंच आहे. रॉयल वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत शिकायला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथे या तरुणाच्या खटपटीतून शिबिर संपेतो शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी सही करून कळवली. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही मोठी चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत हजारो तरुण समुद्रापार गेले. पण सही करणारे सगळेच काही गेले नाहीत, आणि त्यात नवल नाही. उन्हाळी शिबिरात, गाणी-प्रार्थनांच्या भरात केलेला संकल्प आणि पुढची चाळीस वर्षं यांच्यात बरंच अंतर असतं. प्रोटेस्टंट मंडळींनीही पुढे पारख केलीच. तरी तिथे संकल्प आधी आणि परीक्षा नंतर. कॅथलिक व्रतस्थ जीवनात हा क्रम उलटा आहे.

मराठी कॅथलिकांचा यासाठीचा शब्द आहे ‘पाचारण’. त्याच्या वाटा दोन. धर्मप्रांताचा धर्मगुरू बिशपच्या हाताखाली असतो. तो ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन पत्करतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. येशूसंघ, फ्रान्सिस्कन यांसारख्या संघात जाणारा दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेतो. तो धर्मगुरू होईलच असंही नाही, जन्मभर ‘ब्रदर’ राहणारेही असतात. या दुसऱ्या वाटेचे नियम १९८३ च्या चर्चच्या कायद्यात कलमवार दिलेले आहेत. सतरा वर्षं पुरी झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे उमेदवारीत, घेता येत नाही. उमेदवारी किमान बारा महिन्यांची. तिच्या काळात उमेदवार हवं तेव्हा उठून जाऊ शकतो आणि संघही त्याला घरी पाठवू शकतो. नंतरची व्रतं मुदतीची असतात, किमान तीन वर्षांची. कायमची व्रतं एकविसाव्या वर्षाआधी नाहीत. येशूसंघाची रीत थोडी वेगळी: दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर व्रतं घेतली जातात, पण संघ माणसाला पूर्णपणे आपला मानतो तो बऱ्याच वर्षांनी. दबाव आणून, धाक घालून किंवा फसवून कुणाला आत घेतलं, तर तो प्रवेशच रद्दबातल ठरतो. लग्न झालेल्याला जोडीदार असेपर्यंत प्रवेश नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा हे कागद फायलीत लागतात. देवाच्या हाकेलाही दाखले जोडावे लागतात, याचं हसू येईल. पण हे दाखले त्या पोराच्या बाजूचे आहेत.

उमेदवारीत नेमकं चालतं काय? पुढे येशूसंघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदार १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी शौर्याची, दरबारी प्रेमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांची चरित्रं वाची. दोन्हींत गोडी होती. फरक त्याला नंतर कळला: पहिल्यानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर शांत राही. या निरीक्षणावरून त्याने साधनेची एक शिस्तच बसवली. येशूसंघाचा उमेदवार आजही तीस दिवसांचं मौन पाळून त्या साधनेतून जातो. तिच्यातला एक नियम कुणालाही पटेल: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. उत्साहाच्या भरात नवस बोलू नये, हेही तितकंच आवर्जून सांगितलं आहे. शिवाय इग्नेशियसने उमेदवारांसाठी काही कसोट्या घालून दिल्या: महिनाभर रुग्णालयात सेवा, जवळ पैसे न ठेवता पायी यात्रा, घरातली हलकी कामं. फरशी पुसताना, दुसऱ्याच्या हातचं बेचव जेवताना, नावडत्या माणसाशेजारी रोज बसताना माणूस जितका कळतो तितका प्रार्थनेत कळत नाही. या व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मुलगा ज्याच्यापाशी मन मोकळं करतो त्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, त्याला ठेवावं की काढावं हे ठरवताना मागायचंच नाही, अशी कायद्याची आज्ञा आहे. ज्याला आतलं ठाऊक, त्याने बोलायचं नाही. ज्याने निर्णय द्यायचा, त्याने वागण्यावरूनच द्यायचा.

अशी टप्प्याटप्प्याची पारख आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या जैन घरांत ब्रह्मचारी, क्षुल्लक, ऐलक आणि मग मुनी या पायऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतात. भोजचे शांतिसागर महाराजही याच क्रमाने मुनिपदाला पोचले. ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची आख्यायिका आपण चवीने सांगतो, पण त्यानंतरची टाकळीची बारा वर्षं एका वाक्यात उरकतो. पळणं क्षणाचं होतं, घडणं बारा वर्षांचं. आणि दार बंद झालं म्हणजे पाचारण खोटं, असंही नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया पंधरा-सोळाव्या वर्षी येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. वर्षानुवर्षं त्यांचा मदतनीस राहिला, भाषा शिकला. संघात घ्या म्हणाला, तर घेतलं नाही. त्याने व्यापार धरला आणि तो भरभराटीला आणला. तोही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांत साधा ब्रदर झाला, दुभाषा म्हणून जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संत म्हणून घोषित करण्यात आलं. नकार देणारे चुकले की त्या नकारानेच त्याला योग्य दारी नेलं, यावर वाद घालता येईल.

आता आक्षेप. पहिला पोटाचा. गरीब घरातल्या मुलाला शिक्षण, जेवण, मान मिळतो, मग हाक कसली? हे खोटं नाही. पण सैन्यात भरती होणाऱ्या पोराचंही घर बहुतेकदा गरीबच असतं, म्हणून त्याचं शौर्य कुणी खोटं ठरवत नाही. कारणं मिसळलेली असतातच. पोटासाठी आलेला उमेदवारी काढेलही, पण ब्रह्मचर्य आणि बदल्यांची तीस-चाळीस वर्षं तेवढ्यावर निघत नाहीत. जगभरातल्या उच्च सेमिनरींतल्या विद्यार्थ्यांची संख्या २०११ च्या सुमारास एक लाख वीस हजार होती, ती २०२३ मध्ये एक लाख सहा हजारांच्या आसपास आली. शिकायला दुसऱ्या वाटा झाल्या की गर्दी ओसरते. ओसरू द्यावी. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: इतकी पारख होत असेल, तर लहान मुलांवर अत्याचार करणारे धर्मगुरू निपजले कसे? याला बचाव नाही. चाळणी असून उपयोग झाला नाही, आणि पुढे वरिष्ठांनी झाकाझाक केली, हे अनेक देशांतल्या चौकश्यांनी दाखवलं आहे. रोमने २०१६ मध्ये प्रशिक्षणाची नवी चौकट आणली, किमान वर्षभराचा प्राथमिक टप्पा घातला, मानसशास्त्रीय तपासणीवर भर दिला. ते आवश्यकच होतं. पण त्यातून निघतं ते एवढंच की चाळणी अधिक बारीक हवी आणि दीक्षेनंतरही देखरेख हवी. संसारी शिक्षक-प्रशिक्षकांतही असले गुन्हे घडतात, तेव्हा सगळा दोष एकटेपणावर ढकलून मोकळं होता येत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, माझी तक्रार आहे, आणि ती चर्चपेक्षा समाजावर जास्त आहे. परत येणाऱ्याचं काय? परंपरा सांगते की विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने आळंदीला घरी आले आणि ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकलं. त्याची झळ ज्ञानेश्वरादी चारही भावंडांनी सोसली. कायमच्या व्रतांआधी रीतसर घरी परतणं चर्चच्या कायद्यात गुन्हाही नाही आणि पापही नाही. गावात मात्र ‘पळून आला’ हे नाव त्याला चिकटतं, आई मिस्साला जायला लाजते, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी हातात तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन तो नोकरी शोधतो. असं होणार असेल, तर कागदावरचं उघडं दार प्रत्यक्षात बंदच. भीतीने आत राहिलेला फादर लोकांच्याही कामाचा नाही आणि स्वतःच्याही. सेमिनरीत जाणाऱ्याला बाहेर चालेल अशी पदवी आधी मिळू द्यावी, आणि परतलेल्याला धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या समाजात, जागा असावी.

तेव्हा तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या पोराने हा विषय काढला, तर त्याला लगेच अडवूही नका आणि पेढेही वाटू नका. त्याच्याबरोबर त्या संघाच्या घरी जा, आणि तिथल्या जबाबदार फादरला विचारा की गेल्या पाच वर्षांत इथून किती जण परत गेले, आणि त्यातल्या किती जणांशी तुमचं अजून येणं-जाणं आहे.