डोंगरावरचे जेवण आणि सहा हजार लिटरची मर्यादा



शेतातला माल बांधावर केवढ्याला जातो आणि ताटात केवढ्याला, हा हिशेब आपण चावडीवर बसून नेहमी करतो. हाच हिशेब आम्हांला ताटावर बसून पाहावयास मिळाला, तो असा.

सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही काही ऊसविकास अधिकारी मिळून उत्तर फ्रान्समधील बीट साखर कारखाने पाहण्यास गेलो होतो. काम आटोपल्यावर आम्ही तिघे दक्षिणेकडे ओब्राक नावाच्या पठारावर, लायोल या गावी गेलो. तेथे ब्रास घराण्याचे हॉटेल आहे. जगभरचे खवय्ये तेथे जेवायला येतात. जेवणाचा खर्च आम्ही पदरचा केला, कारखान्याच्या खात्यावर एक पैसाही पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो; म्हणजे वार्षिक सभेत प्रश्न नको. माणशी दोनशे युरोच्या वर बिल झाले. म्हणजे एका माणसाच्या एका जेवणाला पाच टनांहून जास्त उसाचे पैसे! घरी हा आकडा आम्ही अजून सांगितलेला नाही.

ओब्राक पठार आपल्या पाचगणीच्या आसपासच्या उंचीचे. खडकही आपल्यासारखाच काळा, ज्वालामुखीचा. पण थंडी अशी की हिवाळ्यात सगळे बर्फाखाली. गवत सोडले तर तेथे फारसे काही पिकत नाही. गवत, गाई, दूध आणि दुधाचे चीज, एवढाच संसार. पोट भरेना म्हणून इथली माणसे पिढ्यान् पिढ्या पॅरिसला गेली. कोणी कोळसा विकला, कोणी चहा-कॉफीची दुकाने काढली. आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तशातला प्रकार.

मिशेल ब्रास यांचा जन्म १९४६ चा. आईवडिलांचे गावातच लहानसे हॉटेल होते आणि आई स्वयंपाक करी. हा मुलगा पॅरिसच्या मोठ्या आचाऱ्यांकडे उमेदवारीला गेला नाही, आईजवळच शिकला. १९९२ साली त्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर नवे हॉटेल बांधले, काचेचे आणि दगडाचे, खिडकीतून नुसते कुरणच दिसेल असे. १९९९ मध्ये त्यांना मिशेलिन या मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. यापेक्षा वरचा मान त्या धंद्यात नाही. पुढे त्यांचा मुलगा सेबास्तियाँ कारभार पाहू लागला, आणि २०१७ साली त्याने चक्क जाहीरपणे कळविले की आमचे नाव यादीतून काढा, या परीक्षेचे ओझे नको. २०१८ च्या आवृत्तीत नाव वगळलेही. २०१९ मध्ये मार्गदर्शिकेने आपण होऊन दोन तारे देऊन ते परत घातले. मागून न मिळणाऱ्यांचे आपण ऐकले होते. नको म्हणून सुटका न होणारा हा पहिलाच!

आता जेवणाकडे वळू. याला टेस्टिंग मेनू म्हणतात. आपल्या पंगतीत सगळे पान एकदम वाढतात. येथे एका वेळी एकच पदार्थ, तोही दोन-चार घास, आणि मग दुसरा. तीन तास लागले. पहिल्या अर्ध्या तासात आमच्यातील एकाने हळूच विचारले, "जेवण कधी सुरू व्हायचं?" सुरुवातीस अंड्याच्या कवचातच पातळ शिजवलेले अंडे आणि त्यात बुडवायला पावाच्या कांड्या. जेवणाच्या आरंभीच प्रत्येकाला लायोलचा प्रसिद्ध चाकू देतात, आणि तो शेवटपर्यंत बदलत नाहीत. पाव पुसून चाकू स्वच्छ करायचा व पुढच्या पदार्थाला घ्यायचा. तिकडचा शेतकरी खिशातल्या एकाच चाकूने सगळे जेवण उरकतो, ती रीत या महागड्या हॉटेलाने तशीच ठेवली आहे. आम्हांला हे फार आवडले.

मग आला गारगुयू. या पदार्थावर घराण्याचे नाव झाले. मूळचा गारगुयू म्हणजे गरिबाघरचा बटाटा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा रस्सा. मिशेल ब्रास यांना डोंगरात धावण्याची सवय. कुरणे फुलावर आलेली पाहून त्यांनी ठरविले की हे सगळे ताटात आणायचे. ताटलीत कंद, शेंगा, कोवळी पाने, देठ, फुले, बिया असे पन्नासाच्या वर प्रकार असतात. आम्ही मोजू लागलो आणि तिसाच्या पुढे नाद सोडला. खुबी अशी की प्रत्येक भाजी वेगळी उकडतात, कारण प्रत्येकीचा शिजण्याचा वेळ वेगळा. शेवटी मांसाच्या तुकड्यावर उतरविलेल्या थोड्या रसात आणि लोण्यात सर्व एकत्र परततात. आमच्यातील एकजण माळकरी, त्याला नुसत्या लोण्यातले दिले.

एक घास कडसर, दुसरा आंबूस, तिसरा नुसता हिरवा. आम्हांला पाथरी आठवली, घोळ आठवली, तांदुळजा आठवला. लहानपणी आई उसाच्या सरीतून ओटीभर भाजी खुडून आणीत असे. आज त्याच सरीत आपण लागणीनंतर तणनाशक मारतो, आणि शिफारसही आमचेच खाते करते; मजूर मिळत नाही तेव्हा दुसरा उपाय नाही. पण ज्या पाल्याला आपण तण म्हणतो, त्याच जातीचा पाला तेथे माणशी हजारो रुपयांच्या जेवणाचा मुख्य पदार्थ होऊन बसला आहे, हे पाहून घास थोडा वेळ हातातच राहिला.

पुढे मासा आला. ओब्राक जातीच्या गाईचे मांस तेथे असतेच. आम्ही आधी सांगून ठेवल्यामुळे आम्हांला भाज्याच मिळाल्या. मग अलिगो. बटाट्याच्या लगद्यात ताजे चीज, साय आणि लसूण घालून घोटतात व डावाने वर ओढतात. तार हातभर उंच निघते. आईच्या हातचा हा पदार्थ त्यांनी तसाच ठेवला आहे. शेवटी चॉकलेटचा गोड पदार्थ, बाहेरून भाजलेला व आतून वाहता. गोठविलेला गोळा पिठात ठेवून भाजण्याची ही युक्ती ब्रास यांनी १९८१ मध्ये काढली. तिचीच भावंडे आज पुण्याच्या बेकरीत लाव्हा केक म्हणून विकली जातात.

हे सर्व सांगायचे कारण अलिगोतले चीज. ते येते गावच्या सहकारी संस्थेतून. संस्थेचे नाव 'झन मोंतान्य', म्हणजे तरुण डोंगर. चीज करणारे हात कमी होत चालले तेव्हा १९६० मध्ये आंद्रे व्हालादिए व त्यांच्या बरोबरीच्या तरुण शेतकऱ्यांनी ती काढली. १९६१ मध्ये लायोल चीजला सरकारी नामांकनाचे संरक्षण मिळाले. मधल्या काळात जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन गाई, ज्यांना आपण एच.एफ. म्हणतो, तेथेही आल्या होत्या. पुढे नियम झाला की दूध फक्त ओब्राक व सिमेंटल या दोनच जातींचे, तेही कच्चे, मुरघास बंद, आणि कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला सहा हजार लिटरच्या वर जाता कामा नये. चीज किमान चार महिने मुरवायचे.

बंधूंनो, आम्ही पुन्हा वाचले. उत्पादन वाढवू नका असा नियम शेतकऱ्यांच्या संस्थेनेच मान्य केलेला! आमची सारी नोकरी टनेज वाढविण्यात गेली. पण त्यांचा हिशेब सरळ आहे. दूध वाढले की चव जाते. चव गेली की नाव जाते. नाव गेले की त्या थंड माळावर गाय बांधणे परवडत नाही.

उसाला हा नियम जसाच्या तसा लागू नाही, हे आम्हांला कळते. साखर ही साखरच. तिला गावाचे नाव लागत नाही. एकरी शंभर टनांचे ध्येय आम्ही सोडा म्हणणार नाही. परंतु उत्तरेकडील बीट कारखान्यात आम्ही पाहिले की प्रत्येक शेतकऱ्याच्या बीटाचा नमुना काढून त्यातील साखर तपासतात, आणि सोळा टक्के साखर धरून ठरलेला दर त्या प्रमाणात वरखाली होतो. आपल्याकडे एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे खरी, पण उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी. त्यामुळे ज्याने खत-पाणी वेळेवर आवरले, पक्व ऊस, पाचट काढून, ताजा पाठविला, त्यालाही तोच दर. आणि ज्याने अखेरपर्यंत युरिया ओतून पाणचट ऊस वजनावर घातला, त्यालाही तोच. ८६०३२ की २६५ हा वाद गट कार्यालयात रोज चालतो, पण काटा फक्त वजन बोलतो. मग शेतकऱ्याने वजनच पिकविले तर त्याला दोष कसा द्यावा?

प्रत्येक गाडीचा नमुना घेणे गव्हाणीवर आज जमणारे नाही. गर्दीच्या दिवसांत तर नाहीच. पण प्लॉट पातळीवर पाहणी होऊ शकते. हाताचे रिफ्रॅक्टोमीटर आमच्या खात्याकडे आहे. खोडवा असो वा लागण, ज्या सभासदांना आपल्या उसाचे ब्रिक्स तोडीपूर्वी पाहून घ्यावयाचे असेल, त्यांनी गट कार्यालयात सर्व्हे नंबर व लागणीची तारीख नोंदवावी. चिटबॉयकडे चिठ्ठी दिली तरी चालेल. शेंड्याचे, मधले व बुडख्याचे असे तीन ठिकाणचे रस काढून आम्ही बांधावरच आकडा सांगू, आणि तोडीच्या कार्यक्रमात पक्व प्लॉट आधी घेण्याविषयी शेती समितीपुढे यादी ठेवू.